खानदेशची वीणा आणि मांडीवरची गिटार

यावलहून पूर्वेस निघालेला रस्ता फैजपूर, सावदा, रावेर हीं गांवें ओलांडीत बऱ्हाणपुरास जातो. डाव्या हाताला सातपुड्याची निळसर रांग, उजव्या हाताला तापीचें खोरें, आणि दोहोंमध्यें केळीचे मळे, असा हा पाऊणशे किलोमीटरांच्या आसपासचा प्रवास आहे. यावल एके काळीं जाड्याभरड्या देशी कागदाबद्दल व निळीबद्दल प्रसिद्ध होतें, आणि निंबाळकरांच्या किल्ल्याचे बुरूज तेथें अद्यापि उभे आहेत. संगीताच्या इतिहासांत मात्र यावलचें नांव कोणी घेत नाहीं. सबंध खानदेशाचेंहि क्वचितच घेतलें जातें. मिरज, कोल्हापूर, पुणें, मुंबई एवढ्यांत महाराष्ट्राच्या संगीताचा नकाशा संपतो, अशी सुशिक्षितांचीहि समजूत असते. ही समजूत अपुरी आहे. वाद्याच्या तारा कोणत्या सुरांत मिळवाव्या, पडदे कोठें बांधावे आणि तसें कां करावें, या प्रश्नांचा पद्धतशीर विचार करणारा एक महत्त्वाचा संस्कृत ग्रंथ सोळाव्या शतकांत याच खानदेशांत, फारूकी राजवटीच्या आश्रयानें लिहिला गेला. त्या ग्रंथाचें नांव ‘सद्रागचंद्रोदय’ आणि त्याचा कर्ता पुंडरीक विठ्ठल.

हा प्रश्न केवळ जुन्या पोथ्यांतला आहे असें मात्र नाहीं. मांडीवर आडवी ठेवून, पोलादी कांडी तारांवरून सरकवीत वाजविण्याची जी गिटार आहे, तिचा नवा विद्यार्थी पहिल्याच दिवशीं त्याच प्रश्नाशीं येऊन थबकतो. तारांच्या वेष्टनाबरोबर आलेल्या छापील कागदावर परदेशी मिळवणी दिलेली असते. तींतली फार प्रचारांत असलेली एक अशी: सी, ई, जी, ए, सी, ई. पहिल्या सुरास षड्ज मानिलें, तर ही मिळवणी सा, ग, प, ध, सा, ग अशी होते. हवाई बेटांतील गोड गाण्यांना ती शोभते. पण त्याच वाद्यावर कोणी मालकंस काढूं गेला तर काय होतें? मालकंसांत पंचम वर्ज्य, आणि गांधार व धैवत कोमल. म्हणजे सहा तारांपैकीं चार तारा रागाच्या शत्रु ठरतात; दोन षड्ज तेवढे मित्र उरतात. बिचारा विद्यार्थी हात चुकला असें समजून महिनोन्‌महिने कांडी इकडेतिकडे सरकवीत बसतो. चूक असते ती खुंट्यांची. तार कोणत्या सुरांत लावावी हें ठरविणें म्हणजे कोणतें संगीत वाजवावयाचें हें ठरविणें होय. पुंडरीकाला हें पक्कें ठाऊक होतें.

पुंडरीक मूळचा कर्नाटकांतला. शिवगंगेच्या डोंगराजवळचें सातनूर हें त्याचें गांव. दक्षिणेंतील वीणेची व मेलपद्धतीची विद्या घेऊन तो उत्तरेकडे आला व फारूकी घराण्यांतील बुरहाणखानाच्या पदरीं राहिला. हें फारूकी राज्य म्हणजे गुजरात, माळवा व बहामनी अशा तीन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्यें दोन शतकांहून अधिक काळ तग धरून राहिलेलें एक लहानसें राज्य. १३८२ च्या सुमारास मलिक राजानें तें स्थापिलें. तापीकांठचें थाळनेर ही त्याची पहिली राजधानी. त्याचा मुलगा नासिरखान यानें अशीरगड हस्तगत केला आणि शेख बुऱ्हाणुद्दीन या साधूच्या नांवानें बऱ्हाणपूर वसविलें. १६०१ सालीं अशीरगड अकबराच्या हातीं पडला व हें राज्य संपलें. गादीवर बसलेल्या फारूकी सुलतानांच्या यादींत पुंडरीकाच्या बुरहाणखानाचें नांव ठळकपणें सांपडत नाहीं. पुंडरीकानें आपल्या आश्रयदात्याची अहमदखान, ताजखान, बुरहाणखान अशी परंपरा दिली आहे. ती राजघराण्याच्या एखाद्या शाखेची असावी. आश्रयदाता सुलतान असो वा शाखेंतला सरदार असो, संस्कृत जाणणारा कर्नाटकी पंडित, मुसलमान अमीर आणि उत्तर-दक्षिणेच्या वाटेवरचा प्रांत असा तिहेरी योग तेथें जुळून आला खरा.

तो योग आवश्यकहि होता. त्या काळीं उत्तरेंतील गाणें आणि जुने ग्रंथ यांचा संबंध जवळजवळ तुटला होता. गवई गात एक आणि ग्रंथ सांगत दुसरेंच. ज्याला शास्त्रकार ‘लक्ष्य’ व ‘लक्षण’ म्हणतात त्या दोहोंची फारकत झाली होती. इराणी सुरावटी दरबारांत शिरल्या होत्या. पुंडरीक त्यांना नाक मुरडणारा नव्हता. पुढें जयपुराकडील कछवाह राजांच्या आश्रयानें लिहिलेल्या ‘रागमंजरी’ंत त्यानें पारशी रागांची आपल्या रागांशीं जोड दाखविली आहे. त्याची ‘रागमाला’ शके १४९८ ची, म्हणजे १५७६ सालची. आणि नृत्यावरील ‘नर्तननिर्णय’ हा ग्रंथ अकबराशीं निगडित आहे. म्हणजे खानदेशांतील ग्रंथ हा त्याच्या उत्तरेकडील कारकीर्दीचा पाया ठरतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीं हा ग्रंथ १९१२ सालीं छापून काढला नसता, तर तो आज मोजक्या अभ्यासकांपुरताच उरला असता.

पुंडरीकानें वीणेचें जें प्रकरण मांडलें आहे त्याचा आधार विजयनगरच्या रामामात्याचा ‘स्वरमेलकलानिधि’ हा १५५० चा ग्रंथ होय. हें प्रकरण नीट समजून घेण्याजोगें आहे, कारण त्यांत केवळ माहिती नसून निवड आहे.

वीणेवर पडद्यांवरून जाणाऱ्या तारा चार, आणि बाजूला नुसत्या छेडावयाच्या तारा तीन. या चार मुख्य तारा मिळविण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिल्या मार्गांत खालच्या तारेपासून वरच्या तारेपर्यंत सा, प, सा, म असे सूर येतात. या वीणेला शुद्धमेलवीणा म्हणत. दुसऱ्या मार्गांत प, सा, प, सा असा क्रम येतो; ती मध्यमेलवीणा. पहिलींत वाजविण्याची मुख्य तार मध्यमांत, दुसरींत ती षड्जांत. कागदावर हा फरक क्षुल्लक वाटतो. हातीं वाद्य घेणाऱ्यास तो तसा वाटत नाहीं. मुख्य तार मध्यमांत असली म्हणजे मोकळी तार छेडतांच मध्यम बोलतो, आणि षड्जासाठीं हात दूर न्यावा लागतो. खर्जांत फिरणाऱ्या गंभीर आलापीला ही सोय मोठी. मुख्य तार षड्जांत असली म्हणजे प्रत्येक विश्रांति मोकळ्या तारेवर सहज मिळते, आणि गळ्यानें गाणाऱ्याला वाटेल तसा सूर डोळे मिटून सांपडतो.

या दोन मिळवण्या मेल्या नाहींत. उत्तरेंतील रुद्रवीणा, जिला बीनकार नुसतें बीन म्हणतात, तिच्या मुख्य तारा वरून खालीं म, सा, प, सा अशा लावितात. हा उलटून वाचला तर शुद्धमेलवीणेचाच क्रम आहे. सतारीची बाजाची तार मध्यमांत असते, तीहि त्याच कुळांतली. उलट दक्षिणेंतील सरस्वतीवीणेच्या मुख्य तारा सा, प, सा, प अशा असतात. ती मध्यमेलवीणेची लेक. एका ग्रंथांत शेजारीं शेजारीं नांदलेल्या दोन बहिणी विंध्याच्या दोन बाजूंना दिल्या गेल्या, असें म्हटलें तर फारसें वावगें होणार नाहीं. आणि दोघींचें वर्णन ज्या पोथींत एकत्र आहे ती पोथी तापीच्या खोऱ्यांत तयार व्हावी, हेंहि भूगोलाला धरूनच झालें.

पण खरी अडचण मिळवणीची नव्हे, पडद्यांची. एकच पडदा चारहि तारांच्या खालून आडवा जातो. षड्जाच्या तारेवर बसविलेला दुसरा पडदा हिंदुस्थानी पद्धतीचा शुद्ध ऋषभ देतो, तर मध्यमाच्या तारेवर तोच पडदा पंचम देतो. पांचवा पडदा षड्जाच्या तारेवर मध्यम, पंचमाच्या तारेवर वरचा षड्ज. येथवर सर्व सुरळीत चालतें. पण तीव्र निषाद पाहूं गेलें तर तो पंचमाच्या तारेवर चौथ्या पडद्यावर आणि मध्यमाच्या तारेवर सहाव्या पडद्यावर मिळतो, आणि पडदे षड्ज-पंचम भावानें काटेकोर बसविले असतील तर हे दोन निषाद एक उतरत नाहींत. त्यांच्यांतील अंतर अर्ध्या सुराच्या सुमारें चौथ्या हिश्शाएवढें भरतें. तयार कानाला तें खटकतें. मग कोणता निषाद खरा धरावा?

रामामात्यानें या बारीक फरकाचा बाऊ केला नाहीं; पडद्यांची दाटी होऊं नये म्हणून त्यानें कांहीं सुरांना शेजारच्या सुरांत सामावूनहि घेतलें. जी वीणा एकदां बांधून ठेविली कीं तिच्यावर सर्व राग वाजावे, ती ‘सर्वरागमेल’ वीणा. जिचे पडदे रागागणिक हलवावे, ती ‘एकरागमेल’ वीणा. पहिली सोयीची, दुसरी सुरेल. हा झगडा पुढें साडेतीनशें वर्षांनीं पेटीच्या रूपानें पुन्हा उद्भवला, आणि १९४० सालीं आकाशवाणीनें पेटीला आपल्या केंद्रांतून बाहेरचा रस्ता दाखविला, तो १९७१ पर्यंत. पेटीच्या पट्ट्या म्हणजे न हलणारे पडदे, आणि तिला मींड नाहीं, हाच आक्षेप. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं अब्दुल करीमखांसाहेबांच्या गायनाच्या आधारें बावीस श्रुतींचीं मापें घेऊन १९१० सालीं पुस्तक छापलें, व त्यांच्या विचारानें श्रुतींची पेटीहि तयार झाली. पण १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेंत तिच्यावर पंडितांचें एकमत झालें नाहीं. ज्या वाद्याला पडदेच नाहींत, त्याला मात्र हा सारा खटला लागू पडत नाहीं. कांडी जेथें थांबवावी तेथें सूर.

असें पडद्यांवाचूनचें वाद्य महाराष्ट्राला अपरिचित होतें काय? मुळींच नाहीं. यादवांचा राजा सिंघण देवगिरीस राज्य करीत होता, १२१० ते १२४७. त्याच्या पदरीं असलेला शार्ङ्गदेव मूळच्या काश्मिरी घराण्यांतला. व्यवसाय हिशेबाचा, ओढ संगीताची. याच सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्याचा नातू, आणि त्याच्या मठाचा शिलालेख खानदेशांतच, चाळीसगांवाजवळच्या पाटण येथें आहे. तेव्हां देवगिरीचा दरबार व खानदेश यांमध्यें अजिंठ्याचे डोंगर सोडले तर दुसरा अडसर नव्हता. शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथाच्या सहाव्या अध्यायांत वाद्यांचें वर्णन आहे, आणि तेथें वीणांच्या यादींत मानाचें पहिलें पान एकतंत्रीला मिळालें आहे. तिचा दांडा खैराच्या लाकडाचा, तीन हात लांब, खालीं भोपळा, आणि तार एकच, तीहि धातूची नव्हे, तर तांतीची. उजव्या हातानें छेडावयाचें आणि डाव्या हातांत वेळूची ‘कम्रिका’ धरून ती तारेवरून सरकवावयाची. पडदा एकहि नाहीं. घोडीवर तारेखालीं ‘जीवा’ नांवाचा एक बारीकसा तुकडा घालावयाचा, म्हणजे नाद भरीव होतो. आजचा तंबोऱ्याचा जवारीदार जो दोरा घोडीवर सरकवितो त्याच जातीची ही युक्ति. या वीणेच्या दर्शनानें व स्पर्शानें महापातकें नष्ट होतात, असें ग्रंथकार सांगतो. पातकांचें काय होत असेल तें असो. बेसूरपणाचें पातक मात्र ती लपवूं देत नाहीं, एवढें खरें.

त्याच अध्यायांत किन्नरी वीणेचें वर्णन आहे. तिला पडदे आहेत, व ते मेणानें दांड्यावर चिकटवावयाचे आहेत. पुढचीं शतकें किन्नरीच्या वंशाचीं झालीं. गवयाच्या गळ्यामागें झपाट्यानें धांवण्यास पडद्यांची वीणा सोपी. एकतंत्री मागें पडली, आणि महाराष्ट्रांत तर तिचें नांवहि विसरलें गेलें. पुंडरीकाच्या खानदेशांत चर्चा आहे ती सर्व पडद्यांच्या वीणेची. सरकत्या सुराचें वाद्य ज्या प्रांताशेजारीं ग्रंथांत नोंदलें गेलें, त्याच प्रांतांतून तें नाहींसें झालें, ही गोष्ट चुटपुट लावणारी आहे.

तें पुन्हा उजेडांत आणणाऱ्यांत एका मराठी माणसाचा हात होता, पण तो इकडचा नव्हे, तंजावरकडचा. व्यंकोजीराजांनीं १६७६ च्या सुमारास तंजावर घेतल्यापासून तेथें मराठी घराणीं रुजलीं, आणि भोसल्यांच्या दरबारांत संगीताला उदार आश्रय मिळाला. तुळजाजी राजानें स्वतः ‘संगीतसारामृत’ हा ग्रंथ रचला. त्याच मुलुखांत तिरुविडैमरुदूर येथील सखारामराव यांनीं पडदे नसलेली, लाकडी कांडीनें वाजविण्याची वीणा नांवारूपास आणली. तिचें तेथील नांव गोट्टुवाद्य. सखारामरावांचे वडील श्रीनिवासराव हेहि तेंच वाद्य वाजवीत. सखारामरावांच्या शिष्यवर्गांत नारायण अय्यंगार होते, आणि प्रख्यात गायक शेम्मंगुडी श्रीनिवास अय्यर यांनींहि आरंभीचे धडे त्यांच्याजवळ घेतले. नारायण अय्यंगारांचे नातू रविकिरण यांनीं हेंच वाद्य ‘चित्रवीणा’ या नांवानें जगभर ऐकविलें. उत्तरेंत याच सुमारास पतियाळ्याचे अब्दुल अझीझखां यांनीं विचित्रवीणेला मैफिलींत आणलें. ती कांचेच्या गुळगुळीत बट्ट्यानें वाजते. या दोन्ही वाद्यांत मुख्य तार षड्जाच्या आधारानें चालते, आणि खालीं तरफेच्या तारा झंकारत असतात.

हवाई बेटांतील हकीगत थोडक्यांत सांगण्यासारखी आहे, कारण ती पुष्कळांनीं सांगितली आहे. तेथें गिटार मेक्सिकोच्या गुराख्यांबरोबर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत गेली. ती मांडीवर घेऊन पोलादाच्या तुकड्यानें वाजविण्याचें श्रेय तेथील लोक जोसेफ केकुकु या तरुणास देतात. काळ १८८५ नंतरचा. परंतु चार्ल्स किंग या हवाई संगीतकाराची आठवण अशी कीं, गॅब्रिएल डेव्हियन नांवाचा, हिंदुस्थानांत जन्मलेला एक खलाशी १८८४ सालींच तारेवर वस्तु सरकवून गिटार वाजवीत होता. या एका आठवणीवर आपल्या वीणेचें हवाईपर्यंतचें सारें कुळ उभें करणें धाडसाचें होईल. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनानंतर या वादनाचें अमेरिकेस वेड लागलें, आणि १९३० नंतरच्या दोनतीन वर्षांतच विजेची गिटार निघाली; तिचा पहिला अवतार मांडीवरचाच होता. टाउ मो यांचें हवाई वादक कुटुंब १९४० नंतरच्या दशकांत कलकत्त्यास राहिलें. त्या शहरांत रवींद्रसंगीत या गिटारवर घरोघर वाजूं लागलें, आणि मुंबईच्या चित्रपटांत व्हॅन शिप्ले व हजारासिंग यांच्या तारा ऐकूं आल्या. राग वाजविण्याची हिंमत जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा यांनीं केली. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेंत त्यांची गिटार संतूर व बासरीबरोबर आहे. पुढें विश्वमोहन भट्ट यांनीं तिच्यांत चिकारीच्या व तरफेच्या तारा वाढवून मोहनवीणा सिद्ध केली, आणि १९९४ सालीं तिला ग्रॅमीचा मान मिळाला.

आतां तारांविषयीं. तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, जाडी आणि ताण. १६३६ सालीं मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनें हे नियम मांडले, आणि त्याच शतकांत आपल्याकडे ‘संगीतपारिजात’कार अहोबल यानें तारेच्या लांबीवरून सुरांच्या जागा सांगितल्या. तार छत्तीस इंच धरिली तर सत्तावीस इंचांवर मध्यम, चोवीस इंचांवर पंचम, अठरा इंचांवर वरचा षड्ज. पडदे नसलेल्या वाद्याच्या विद्यार्थ्यानें हे तीन आंकडे फळीवर खडूनें आंखून ठेवावे. वाद्य कितीहि लांबीचें असो, तीनचतुर्थांश, दोनतृतीयांश आणि निम्मा हीं प्रमाणें बदलत नाहींत.

जाडीविषयीं एक भ्रम सार्वत्रिक आहे. तार तुटूं लागली कीं विद्यार्थी अधिक बारीक तार आणतो, आणि तीहि तेथेंच तुटते. कारण सरळ आहे. पोलादी तार ज्या सुरावर तुटते तो सूर तिच्या लांबीनें ठरतो, जाडीनें नव्हे. बारीक तारेला ताण कमी लागतो हें खरें, पण तिची ताकदहि तितकीच कमी असते. मांडीवरच्या गिटारची तार सुमारें साडेबावीस इंच असते, म्हणून तिला बरेंच उंच चढवितां येतें. जाडी निवडावयाची ती दुसऱ्याच हेतूनें. वर जड पोलादी कांडी टेकलेली असते. तार फार बारीक असली तर ती कांडीखालीं दबते, सूर चढतो आणि खरखर होते. म्हणून अंगावर धरून बोटांनीं दाबावयाच्या गिटारपेक्षां हिच्या तारा जाड ठेवितात: सर्वांत वरची इंचाच्या पंधरा हजारांशांच्या आसपास, सर्वांत खालची छत्तिसाच्या आसपास. खालच्या तारांवर दुसऱ्या तारेचा वेढा असतो. हा वेढा गोल तारेचा असला तर कांडी सरकतांना करवतीसारखा आवाज येतो, चपट्या तारेचा असला तर येत नाहीं. ज्याला मींड काढावयाची आहे त्यानें दोन पैसे अधिक देऊन चपटा वेढा घ्यावा.

हवेचाहि विचार करावा लागतो. शार्ङ्गदेवाच्या काळची तांत पावसाळ्यांत ओल पिऊन बदले. पोलाद ओल पीत नाहीं, पण उष्णता त्याला सोडीत नाहीं. यावल-रावेरच्या वैशाखांत, जेथें पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो, तेथें दुपारीं मिळविलेली तार रात्रीं चढलेली सांपडते, कारण थंडाव्यानें ती आंखडते. याला उपाय एकच: वाजविण्याच्या जागीं वाद्य अर्धा तास ठेवून मग खुंटीला हात लावावा. मिरजेचे सतारमेकर, ज्यांच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ते गिऱ्हाइकाला हेंच सांगतात.

राहिला मिळवणीचा प्रश्न. हवाई वादकांची एक जुनी मिळवणी अशी आहे: ई, ए, ई, ए, सी-शार्प, ई. यांतील ‘ए’ला षड्ज धरावें. मग खालच्या चार तारा होतात प, सा, प, सा. ही तर मध्यमेलवीणा! ज्या क्रमानें पुंडरीकाच्या काळीं खानदेशांत वीणेच्या तारा ग्रंथांत बांधल्या गेल्या, तोच क्रम परदेशी वेष्टनांतल्या कागदावर, अर्ध्या पृथ्वीचा फेरा करून, पण कोणतेंहि नातें न सांगतां परत आलेला आहे. नातें नसणेंच येथें बोलकें आहे. कांडीखालीं शुद्ध वाजणारे सूर शोधूं गेलें कीं निरनिराळ्या लोकांचे कान षड्ज-पंचमापाशींच येऊन थांबतात. उरलेल्या दोन तारांतील पांचवी, म्हणजे गांधाराची, तेवढी आपल्या कामाची नाहीं. पाश्चात्यांना ती हवी, कारण त्यांची सरळ कांडी एकाच वेळीं सर्व तारांवरून सरकते आणि पांच-सहा सुरांचा गुच्छ जसाच्या तसा वर-खालीं नेते. रागांत गुच्छाचें काम नाहीं. म्हणून ती तार गांधारावरून षड्जावर उतरवावी. मात्र जुनीच तार ढिली करूं नये; ताण पूर्वीएवढाच ठेवावयाचा तर तिची जाडी सव्वापट असली पाहिजे, म्हणजे अठरा हजारांशांच्या जागीं बावीस-तेवीस. अशा रीतीनें प, सा, प, सा, सा, प अशी सहा तारांची जुळणी होते. पांचव्या तारेवर राग चालवावा, वरच्या पंचमाचा तारसप्तकासाठीं उपयोग करावा, आणि खालच्या तारा तंबोऱ्यासारख्या मोकळ्या बोलूं द्याव्या.

ज्यांना बीनकारांचा खर्ज प्रिय आहे त्यांनीं शुद्धमेलाची वाट धरून मुख्य तार मध्यमांत लावावी. पण नवशिक्यानें ती धरूं नये. पडद्यांवांचून सूर शोधणाऱ्या हाताला मोकळा षड्ज हें एकच घर असतें, आणि तें पहिल्याच वर्षीं काढून घेणें निष्ठुरपणाचें आहे.

मालकंस वाजवावयाचा असेल तेव्हां पंचमाच्या तारा एक सूर उतरवून मध्यमावर घ्याव्या, जसे तंबोऱ्यावर घेतात. मारव्याला पंचमहि नको व शुद्ध मध्यमहि नको. तेथें त्या निषादावर न्याव्या, पण पंचमापासून निषादापर्यंत चढविण्यापूर्वीं ती तार किती जाडीची आहे व किती ताण सोशील हें पाहावें, नाहीं तर खालच्या सप्तकांतील निषादावर उतरवावें. मैफिलींत दर रागाला असें करीत बसणें त्रासाचें असतें, हें खरें. एकरागमेलवीणेचे पडदे दर रागाला हलविणाऱ्या वीणाकारांनाहि तो त्रास होताच, आणि तो चुकविण्यासाठीं ज्यांनीं सर्वरागमेलाचे पडदे पक्के केले त्यांना दोन निषादांपैकीं एकाशीं तडजोड करावी लागली.